नववीतल्या मुलाचे रिपोर्ट, काळी मान आणि "लाइफस्टाइल बदला" म्हणजे नक्की काय करायचं

प्रश्न एका आईचा आहे, थोडक्यात असा: मुलगा 14 वर्षांचा, नववीत. उंची 162, वजन 72 किलो, पोटाचा घेर 88 सेंटिमीटर. मान काळी पडलीय, घासून जात नाही. फॅमिली डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या, त्यात बीपी 128/78, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 168, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 36, उपाशीपोटीची साखर 97, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 5.8, एसजीपीटी (लिव्हरचा आकडा) 48. डॉक्टर म्हणाले "औषध नाही, लाइफस्टाइल बदला", आणि पुढचा पेशंट आत बोलावला. आजी म्हणतात वयात आला की उंची खेचेल आणि आपोआप बारीक होईल. बाबा म्हणतात जिम लावू. खरं काय?

ताई, सगळ्यात आधी मान घासणं बंद करा. आजपासून. तो मळ नाहीये. मागे माझ्या ओपीडीत एक आई मुलीला घेऊन आली होती, मानेवर लाल चरे उठलेले, आधी डाळीचं पीठ, मग लिंबू आणि शेवटी पायाची वजरी लावली होती पोरीच्या मानेला. पोरगी खाली बघत बसलेली, वर्गात मागच्या बाकावरची मुलं "आंघोळ कर" म्हणून चिडवायची तिला. रक्तात इन्सुलिन (रक्तातली साखर पेशींत पोचवणारं हार्मोन) सतत जास्त राहिलं की ते कातडीच्या पेशींनाही वाढायला लावतं, म्हणून मान, काख, जांघ इथली कातडी जाड, मखमलीसारखी आणि काळपट होते. म्हणजे ती खूण आतून आलेली आहे, आतलं इन्सुलिन खाली आलं की हळूहळू फिकी होते, त्याला महिने लागतात, आणि क्रीमवर पैसे घालवून काही होत नाही.

आता रिपोर्ट. तुमच्या लॅबच्या कागदावर दोनच आकडे ठळक छापलेत आणि बाकीचं "नॉर्मल रेंज"मध्ये दिसतंय असं तुम्ही लिहिलंय. गोची अशी आहे की बऱ्याच लॅबच्या कागदावर मोठ्या माणसांची रेंज छापलेली असते. ट्रायग्लिसराइड मोठ्यांना 150 पर्यंत चालतं, 10 ते 19 वयात मात्र 130 च्या वर गेलं की जास्त धरतात, 90 च्या आत असलं तर उत्तम. एचडीएल 40 च्या खाली म्हणजे कमी. एसजीपीटीला लॅब 45-50 पर्यंत नॉर्मल छापते, पण मुलग्यांमध्ये साधारण 26 आणि मुलींमध्ये 22 च्या वर गेलं की आम्ही लिव्हरमधल्या चरबीचा विचार करायला लागतो, त्यामुळे तुमचं 48 हे मला तरी नॉर्मल वाटत नाही, डॉक्टरांना विचारून पोटाची सोनोग्राफी करून घ्या. 13 वर्षांपासून पुढे बीपी 120/80 च्या आत हवं, वरचा आकडा 120 ते 129 आणि खालचा 80 च्या आत असेल तर ते "वाढायला लागलेलं" बीपी, 130/80 पासून पुढे हाय बीपी म्हणायचं. एचबीएवनसी 5.7 ते 6.4 म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या आधीची पायरी. उपाशीपोटीची साखर 100 च्या आत आहे, ती ठीक.

पण थांबा, दोन गोष्टी तपासल्याशिवाय घाबरू नका. एक, बीपी कसं घेतलं? गुबगुबीत दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी उगाच जास्त येतं, आणि जिना चढून आलेल्या पोराला स्टुलावर बसवून लगेच घेतलं तरी जास्त येतं. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, दंडाला बसेल असा पट्टा, आणि हे वेगवेगळ्या तीन दिवशी, मग बोलू. दोन, हिमोग्लोबिन बघितलंय का? लोह कमी असेल, बी-12 कमी असेल तर एचबीएवनसी खोटंच थोडं वर जातं, आणि आपल्याकडे शाकाहारी घरातल्या मुलांत बी-12 कमी निघणं हे मी रोज बघते. 5.8 हा आकडा अगदी काठावरचा आहे, त्यामुळे सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), फेरिटिन (लोहाचा साठा) आणि बी-12 बघून मग त्याला नाव द्या.

हे सगळं धरून सुद्धा चित्र स्पष्ट आहे हो. ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली, घेर जास्त, मान काळी, लिव्हरचा आकडा वर, हे पाच वेगळे आजार नाहीत, एकच गोष्ट पाच ठिकाणी दिसतेय. लागणाऱ्यापेक्षा जास्त साखर आणि पीठ आत येत राहिलं की लिव्हर त्याची चरबी बनवतं, काही स्वतःत साठवतं, काही रक्तात सोडतं (तेच ट्रायग्लिसराइड), चरबीने भरलेलं लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं, आणि ते जास्तीचं इन्सुलिन मानेवर दिसतं. आज यातलं काहीच दुखत नाही, म्हणूनच 30-35 पर्यंत कोणी लक्ष देत नाही.

आजींचं म्हणणं अर्धं खरं आहे, त्यांना तसं सांगा पण. वयात येताना प्रत्येक मुलात इन्सुलिनचा परिणाम काही काळ कमी होतो, तो निसर्गच आहे, आणि उंची वाढताना अंगही थोडं लांबतं. पण सडपातळ मुलात ते पुढे मूळपदावर येतं, तुमच्या मुलासारख्या वजनात पुरतं येत नाही. त्याचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) होतो 27.4. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे 2015 चे तक्ते आहेत, त्यात मुलांसाठी दोन रेषा असतात, मोठेपणीच्या बीएमआय 23 च्या बरोबरीची आणि 27 च्या बरोबरीची, पहिली ओलांडली की जास्त वजन, दुसरी ओलांडली की लठ्ठपणा. 14 व्या वर्षी तो दुसरी ओलांडून बसलाय, मग वाट कसली बघायची. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2023 मध्ये हेच स्पष्ट लिहिलं, थांबून बघू नका, लगेच कामाला लागा, आणि त्यासाठी 3 ते 12 महिन्यांत कुटुंबासोबत किमान 26 तास प्रत्यक्ष बसा. 26 तास! आमच्या ओपीडीत एका पोराला दहा मिनिटं मिळतात, म्हणून मग "लाइफस्टाइल बदला" हे दोन शब्द येतात. तुमच्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही, पहिली सात-आठ वर्षं मीही तेच केलंय, अर्ध्या कागदावर "तेलकट बंद, गोड बंद, रोज चालणे" आणि तीन महिन्यांनी पोरगं दोन किलो वाढून परत.

आणि ज्यांची मुलं बारीक आहेत ते हे वाचून निवांत होणार असतील तर त्यांच्यासाठीही जरा सांगते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि मग त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ती बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची, पण आपल्या बाळांत कमी होतं ते मांस, चरबी तेवढी टिकवून ठेवलेली. हाडकुळी पण आतून चरबीवाली. 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा स्वतःचा आणि प्रा. युडकिन या इंग्लिश मित्राचा शेजारीशेजारी फोटो छापून आला होता, दोघांचाही बीएमआय 22.3, एकाच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2. त्या गावांतली मुलं पुढे 18 वर्षांची झाली तेव्हा मुलग्यांत 37 टक्के आणि मुलींत 18 टक्के प्रीडायबेटिस निघाला, आणि ही पोरं काही लठ्ठ नव्हती. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातही 10 ते 19 वयात प्रीडायबेटिस साधारण 10 टक्के आणि ट्रायग्लिसराइड जास्त असलेले 16 टक्के होते, तर जास्त वजनाचे फक्त 5 टक्के.

म्हणून मी काट्यापेक्षा सुतळीवर विश्वास ठेवते. माझ्या टेबलाच्या खणात सुतळीचा गुंडा असतो. पोराला भिंतीला उभं करायचं, टाच ते डोकं एवढी सुतळी कापायची, तिची बरोबर अर्धी घडी घालायची आणि बेंबीच्या पातळीला पोटाभोवती न ओढता, श्वास सोडून लावायची. टोकं एकमेकांना भेटली तर ठीक, भेटली नाहीत तर पोटात चरबी जास्त. म्हणजे कमरेचा घेर उंचीच्या अर्ध्याच्या आत हवा. तुमच्या मुलाचे 81 हवेत, आहेत 88. पोरांना हे आवडतं, कारण ते स्वतः करतात आणि त्यात किलो कुठे येत नाहीत. एका पोराने सुतळी वडिलांच्या पोटाला लावून बघितली होती, टोकांत वीतभर अंतर राहिलं, त्यानंतर घरात कोण काय खातंय यावरचं भांडण जरा समपातळीवर आलं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही त्याचा दिवस लिहिलाय म्हणून बरं झालं. सहाला उठतो, चहा-बिस्किट, सातला शाळा, साडेबाराला घरी, जेवून झोपतो, साडेचारला बाबा स्कूटरवरून क्लासला सोडतात, सातला सुटला की मित्रांसोबत वडापाव किंवा फ्रँकी आणि कोल्ड्रिंक, दहाला जेवण, मग फोन, झोपायला सव्वाबारा. आठवीपर्यंत संध्याकाळी दीड तास फुटबॉल होता, तो नववीत बंद केला. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात घरांत हेच वेळापत्रक असतं आणि वजन कधी वाढायला लागलं विचारलं की उत्तर येतं "नववीपासून". खो-खो खेळणारी एक मुलगी होती, जिल्ह्यापर्यंत गेलेली, दहावीसाठी खेळ सोडला आणि दीड वर्षात 11 किलो वाढली, पाळी तीन-तीन महिने येईना. आई म्हणाली, डॉक्टर ती खाते तेवढंच जेवढं आधी खायची. खरंच होतं ते. तिचं खाणं वाढलं नव्हतं, तिच्या दिवसातले दोन तास घरच्यांनी काढून घेतले होते.

मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात ना, ती सगळी, कागद बाजूला ठेवून बघितली तर, वेळापत्रकच आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते 5 ते 17 वयात रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काहीतरी. जगभरात 11 ते 17 वयातली 81 टक्के मुलं एवढं करत नाहीत. झोप 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास. तुमच्या मुलाची पावणेसहा होतेय, दुपारची डुलकी धरून सात. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं काढलं, नववीवाल्यांचा विचार त्यात नाही, त्यामुळे सकाळ आपल्या हातात नाही, रात्र आहे.

मग मी काय केलं असतं सांगते. क्लास तीन किलोमीटरवर आहे म्हणता, रस्ता बरा असेल तर सायकल, जाऊन-येऊन अर्धा तास. क्लासहून आल्यावर सव्वासातला कपडे बदलायच्या आधीच खाली पार्किंगमध्ये 20 मिनिटं, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, बैठका, जोर जमत नसतील तर भिंतीला टेकून जोर, आणि बाबा बरोबर. बाबा बरोबर हे ऐच्छिक नाहीये, तुम्ही लिहिलंय त्यांनाही बीपीची गोळी चालू आहे. सव्वाआठला जेवण. नऊ ते दहा अभ्यास. सव्वादहाला फोन हॉलमध्ये चार्जिंगला, सगळ्यांचा. आणि रविवारी सकाळी दोन तास फुटबॉल, तो परत चालू करा. हिशोब करा, सहा दिवस 50 मिनिटं म्हणजे 300, रविवारचे 120, झाले 420, भागिले सात, बरोबर 60. झोप पावणेआठ तास, दुपारी अर्धा तास डुलकी, चालेल, आठच्या वर आलो. अभ्यासाचा एक तास पण गेला नाही. गेला तो फोन आणि क्लासच्या दारातला अर्धा तास.

चालण्याबद्दल एक सांगून टाकते कारण सगळे "रोज फिरायला जातो" म्हणतात. 14 वर्षांच्या पोराला आजोबांच्या चालीने बागेत फेऱ्या मारून फार काही होत नाही. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये एवढा दम लागला पाहिजे, आठवड्यातून तीनदा तरी बोलताना पण तुटक बोलावं लागेल एवढा. चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर उचलतो आणि पुढचा दिवस-दीड दिवस इन्सुलिनचं नीट ऐकतो. म्हणून रोज. म्हणून वजन एक किलोही उतरलं नाही तरी रिपोर्ट सुधारतात, हे मी कित्येकदा बघितलंय आणि पालकांना पटत नाही कारण ते काट्याकडे बघत असतात. जिमबद्दल बाबांना सांगा, शिकवणारा नीट असेल, वजनं हलकी असतील तर हरकत नाही, उंची खुंटते वगैरे काही नसतं. पण ती पावडर नको. प्रोटीन डब्यातून मिळतं, दोन उकडलेली अंडी, मटकीची उसळ, दही, मूठभर शेंगदाणे. आणि जवळपास तालीम किंवा मल्लखांबाचा वर्ग असेल तर जिमपेक्षा मला तो जास्त आवडेल, पोरं तिथे टिकतात.

आता खाणं, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे.

साखर आधी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी नवीन आहार मार्गदर्शन काढलं, त्यात दिवसाला साखर 20 ते 25 ग्रॅमच्या आत म्हणतात. घरचा सपाट चमचा 5 ग्रॅम धरा, म्हणजे पाच चमचे, संपूर्ण दिवसाचे. आता त्याचे मोजा. सकाळचा आणि संध्याकाळचा चहा, दोन-दोन चमचे, झाले 20. बिस्किटं पाच, अजून 6-7 ग्रॅम. दुधात ती चॉकलेटी पावडर दोन मोठे चमचे, त्यात साधारण 7 आणि वर तुम्ही घातलेली एक चमचा साखर. (ती पावडर "हेल्थ ड्रिंक" या नावाखाली ऑनलाइन विकू नका असं केंद्र सरकारने एप्रिल 2024 मध्ये कंपन्यांना सांगितलंय, कारण आपल्या अन्न कायद्यात हेल्थ ड्रिंक असा प्रकारच नाही.) अजून कोल्ड्रिंक आलंच नाही. बाटली उलटी करून लेबल वाचा, 100 मिलीला 10-11 ग्रॅम लिहिलेलं असतं, 600 मिलीच्या बाटलीत साठेक ग्रॅम, म्हणजे बारा चमचे. बारा चमचे साखर वाटीत काढून त्याला एकदा दाखवा, ओरडू नका, नुसती टेबलावर ठेवा. मी ओपीडीत हे करते, बोलायची गरज पडत नाही.

ट्रायग्लिसराइडचं एक बरं आहे की ते ऐकतं. गोड पेयं बंद केली तर काही आठवड्यांत आकडा खाली येतो, एलडीएलसारखा (वाईट कोलेस्टेरॉल) हट्टी नसतो. म्हणून मला एकच गोष्ट निवडा म्हणालात तर मी बाटली निवडेन, वडापाव नाही. आणि फळांचा रस, मध, गूळ, काकवी हे सगळं साखरेतच मोजायचं. गुळाचा चहा हा आपल्याकडचा सध्याचा मोठा गैरसमज, गूळ घातला म्हणून दोन चमचे जास्त घालतात वर. फळ अख्खं खा, चावून. तहान लागली तर पाणी, ताक, लिंबूपाणी मीठ घालून.

ताट. मी पालकांना म्हणते आज रात्रीच्या ताटाचा फोटो पाठवा. दर वेळी तोच फोटो येतो, चार पोळ्या, भाताचा डोंगर, आणि भाजी लोणच्यासारखी कडेला दोन चमचे. त्याच संस्थेने दिवसाला फळं-भाज्या मिळून अर्धा किलो सांगितलंय. म्हणजे ताटाचा अर्धा भाग भाजी, कोशिंबीर, उसळ यांनी भरायला हवा आणि पोळी-भात उरलेल्यात. पोळ्या चारच्या दोन करा म्हणून सांगितलं की पोरगं तासाभरात डबे उघडतं, त्यामुळे आधी वाढवा, मग कमी करा. आधी वाटीभर काकडी-गाजर-टोमॅटो स्वयंपाक होत असतानाच त्याच्या पुढ्यात ठेवायची, भुकेच्या वेळी हातात येईल ते पोरं खातात, मग उसळ मोठी वाटी, मग पोळी. भाकरी छान आहे, ज्वारीची, नाचणीची, पण तीन भाकऱ्या आणि पिठलं एवढंच जेवण असेल तर ती पण पिठावर पीठच, हे कोणाला ऐकायला आवडत नाही. आणि उपवास! चतुर्थीला पोरगं साबुदाण्याची खिचडी दोन ताटल्या, वेफर्स, केळं-शिकरण खातं आणि घरचे म्हणतात आज त्याने काही खाल्लं नाही. साबुदाणा म्हणजे शुद्ध स्टार्च. करायचाच असेल तर वरी-आमटी, दही, काकडीची कोशिंबीर, राजगिरा.

तेल मोजायचा माझा सोपा हिशोब आहे, माणशी महिन्याला अर्धा लिटर. घरात चौघं असाल तर दोन लिटरमध्ये महिना काढा, तळणीचं धरून. तुमच्याकडे पाच लिटरचा कॅन किती दिवस जातो ते मला कळवू नका, स्वतःशीच बघा. मीठ दिवसाला चमचाभर, 5 ग्रॅमच्या आत, हे मोठ्यांचं, मुलाला त्याहून थोडं कमीच. स्वयंपाकातलं मीठ तुम्ही कमी करालही, पण फरसाण, पापड, सॉस आणि दोन मिनिटांच्या नूडल्सचं पुडकं यातलं मीठ दिसत नाही. बीपी काठावर आहे तर इथून सुरू करा.

वडापावचं काय? बंदी घालू नका. नववीतल्या पोराला बंदी घातली की तो खोटं बोलायला शिकतो, बाकी काही शिकत नाही. देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, एफएसएसएआयचा, 2020 चा नियम आहे, शाळेच्या गेटपासून 50 मीटरमध्ये जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत, पण गाडी एक्कावन्नाव्या मीटरला उभी असते आणि क्लासला तर तो नियमच नाही. खरा प्रश्न असा की दुपारी एकला जेवलेलं पोर सात वाजता कडकडून भुकेलेलं असतं. क्लासच्या ब्रेकमध्ये खायला डबा द्या, शेंगदाणे-फुटाणे, उकडलेलं अंडं, थालीपिठाचा तुकडा, भडंग कमी तेलाचं, कणीस, काहीही. पोट थोडं भरलेलं असलं की गाडीसमोरून सायकल पुढे जाते. आणि शनिवारी मित्रांबरोबर एक वडापाव, मजेत, बाटलीशिवाय. आठवड्याला सहाचे एक झाले की.

हे सगळं घराने करायचंय, त्याने एकट्याने नाही, हे मी प्रत्येकाला सांगते आणि तिथेच गाडी अडते. धाकटी बारीक आहे म्हणून तिला चिवडा आणि याला काकडी असं केलंत तर पंधरा दिवसांत संपलं. घरात बाटली आणायची नाही म्हणजे पाहुण्यांसाठीही नाही. "जाड्या", "ढोल्या", "बघ तुझा मावसभाऊ" हे शब्द बंद, आजोबांचे लाडाचे असले तरी. चिडवण्याने वजन उतरलेलं मी एकही पोर बघितलेलं नाही, चोरून खाणारी मात्र पुष्कळ बघितली, आणि काही मुली तर जेवण बंद करून चक्कर येऊन पडेपर्यंत गेलेल्या. रोज काट्यावर उभं करू नका. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, वजन आणि सुतळी.

आणि ध्येय काय ठेवायचं? वजन उतरवायचं नाही, निदान आत्ता नाही. तो अजून उंच होतोय. पुढचे सहा महिने 72 चे 72 राहिले, उंची दोन-तीन सेंटिमीटर वाढली, घेर दोन-तीन उतरला तर मी खूश. किलो-दोन किलो आपोआप गेले तर गेले. "महिन्यात 8 किलो" वाले चहा, पावडरी, इंजेक्शनच्या जाहिराती बाजूला ठेवा. त्या नव्या इंजेक्शनांची काही मुलांना खरंच गरज पडते, पण ते एंडोक्राइनच्या (हार्मोनच्या) डॉक्टरांनी ठरवायचं, तुमच्या मुलाची ती वेळ नाही. मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) पण 5.8 ला देत नाहीत.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, म्हणून मीच विचारते. तो घोरतो का? रात्री श्वास अडकल्यासारखा होतो का, वर्गात पेंगतो का? असेल तर ईएनटीला दाखवा, झोपेत श्वास अडकला की बीपीही वाढतं आणि वजनही. तंबाखू, गुटखा, व्हेप याबद्दल त्याच्याशी डॉक्टरांना पाच मिनिटं एकटं बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा, 2019 च्या सर्वेक्षणात 13 ते 15 वयातली 8.5 टक्के भारतीय मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. आणि एक इशारा, खूप तहान, रात्रीत दोन-तीनदा लघवीला उठणं, आणि प्रयत्न न करता वजन झरझर उतरणं, हे दिसलं तर "बरं झालं बारीक होतोय" म्हणत बसू नका, त्याच दिवशी साखर तपासा.

घरात कुठल्या पुरुषाला 55 च्या आत किंवा बाईला 65 च्या आत हार्ट अटॅक आलाय का, हेही पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगा, काकापासून मामापर्यंत सगळं, त्यावरून एलडीएलकडे किती काटेकोर बघायचं ते ठरतं.

तपासण्या परत कधी? बीपी पुढच्या महिनाभरात तीन वेगवेगळ्या दिवशी, मी वर सांगितलं तसं बसवून, आकडे वहीत लिहून ठेवा. 120 ते 129 मध्येच राहिलं तर सहा महिन्यांनी परत. तीनही वेळा 130/80 च्या वर आलं तर सहा महिने थांबू नका, तेव्हाच दाखवा. लिपिड (ट्रायग्लिसराइड, एचडीएल, एलडीएल), एसजीपीटी, एचबीएवनसी तीन महिन्यांनी, त्याआधी करून उपयोग नाही कारण एचबीएवनसी मागच्या तीन महिन्यांचाच हिशोब सांगतं. लिपिडला 12 तास उपाशी न्या आणि आदल्या रात्री लग्नाचं जेवण नको. दिवाळी मध्ये येत असेल तर दिवाळीनंतर निदान महिना जाऊ द्या, नाहीतर चकली-अनारशांचे ट्रायग्लिसराइड मोजून बसाल आणि परत मला लिहाल.